अंगारा म्हणजे दवाई थोडीच?

मंगळवारी पुरानी बस्तीतल्या त्या पटांगणात पाय ठेवायला जागा नसायची. नवं राज्य, नवी राजधानी आणि महाराजही नवेकोरे! त्यांच्या अंगाऱ्याच्या पुडीनं वर्षानुवर्षं डोळा न लागणारी माणसं घोरू लागली होती. पुडी चुकली की चौथ्या दिवशी हातपाय लटलटत, कुणाला झटकेही येत.

"देखा? माई रूठ गई!" महाराज गरजायचे.

या खेपेला महाराजच पंधरा दिवस तीर्थाला गेले. पुड्या संपल्या आणि नेमानं पुडी घेणाऱ्या सत्यभामाबाईंचे हातपाय लटलटू लागले; लोक म्हणाले, अंगात देवी, 'माई' आली. आज महाराज परतले, तेव्हा तर त्यांच्या हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं.

"माई खून मांग रही है! डॉक्टर की गोली फेंको!" महाराजांनी सत्यभामाबाईंच्या मुठीत पुडी कोंबली.

लेक इंदूनं ती पुडी काढून स्वतःकडे घेतली. आईच्या हृदयात कृत्रिम झडप होती. रक्त पातळ करणारी गोळी फेकली तर झडपेत गुठळी व्हायची. लोकांचे शिव्याशाप झेलत तिनं आईला रिक्षात घातलं.

"काकू, दुसरी कोणती दवाई घेता?" डॉक्टर अनिमेषनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाही जी, तुमचीच."

"आन् अंगारा?" इंदू म्हणाली.

"पोट्टे, अंगारा म्हणजे दवाई थोडीच असते!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"सहा महिने झाले."

"तेव्हापासूनच तुमची गोळी लागू पडेना. मी ती दुप्पट केली!"

त्यांनी आधी रक्तस्राव आवरला आणि पुडी तपासायला धाडली. राखेत फेनोबार्बिटोन निघालं. झोपेचं, झटक्यांचं औषध.

"शरीराला याची सवय लागते," डॉक्टर म्हणाले. "एकदम तुटलं की थरथर, झटके. हीच तुमची माई. शिवाय याच्यामुळं यकृत दुसरी औषधंही भराभर मोडून टाकते. पुडी बंद झाली, यकृत हळूहळू मूळ चालीवर आलं, गोळी मात्र दुप्पटच राहिली. मग रक्त थांबेल कसं?"

पुढच्या मंगळवारी इंदू रिपोर्ट घेऊन पटांगणात उभी राहिली आणि राखेत काय निघालं ते तिनं सगळ्यांना सांगितलं.

"लड़की, माई का कोप होगा!"

"मंग पाच पुड्या आत्ता तुम्हीच खा न, महाराज!"

महाराजांचा हात झोळीतच राहिला.

"मले काय करा लागते, बाई?" पुडीची सवय लागलेल्या, थरथरत्या नरहरकाकांनी गर्दीतून विचारलं.

"एकदम सोडू नका, काका. पुडी घेऊन दवाखान्यात चला. डॉक्टर मोजून देतील, हळूहळू तोडतील."

बाबांनो, देव मानायचा तर खुशाल माना. पण पोटात गेलेल्या पुडीवर कुणाचं नाव आहे, हे यकृत विचारत नाही. डॉक्टरांनी विचारलं तर अंगाराही सांगा. सत्यभामाबाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही, आणि तेवढ्यानं त्यांचा जीव जाणार होता.