शिमोन अमोलिकची निवृत्ती

"आउट हाय! करा की बोट वर, मामा!"

अजिनाथनं स्टंप उडवला होता आणि तो जागच्या जागी नाचत होता. श्रीरामपूरच्या मैदानावर रविवारची फायनल, शेवटची ओव्हर. धुळीत आडवा पडलेला बॅट्समन होता पार्थ. ज्या शिक्षण संस्थेनं शाळेतल्या शिपाई शिमोन अमोलिकला तीन वर्षांपूर्वी बडतर्फ केलं होतं, त्या संस्थेच्या सचिवांचा हा मुलगा. बघायला जमलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून ओरडा जरा जास्तच होता.

स्क्वेअर लेगला पंच म्हणून उभ्या असलेल्या शिमोननं बॅट नीट पाहिली होती. स्टंप उडाला तेव्हा ती रेघेच्या आत चार बोटं होती. त्यानं मान हलवली. नॉट आउट.

पुढच्याच चेंडूवर पार्थनं चौकार मारला आणि मॅच संपली.

"त्यांनी तुमाला काढलं, आन तुमी त्याला वाचवलं?" अजिनाथ शिमोनच्याच गल्लीतला. हातमोजे आपटत तो म्हणाला.

"वाचवलं न्हाई. तो आत हुता."

"असंल आत! आज तुमच्या हातात हुतं ना?"

"मला काढलं तवा मी बी आतच हुतो रे. कुनी बगितलं न्हाई, एवढंच."

दहावीच्या परीक्षेत एका प्रश्नपत्रिकेच्या पाकिटाचं सील तुटलेलं निघालं होतं. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची. पाकीट वर्गापर्यंत नेलं शिमोननं. चौकशी दोन तासांत आटोपली आणि तेवीस वर्षांची नोकरी एका कागदानं संपली. पाठोपाठ चर्चच्या पंचमंडळानंही, जिथं तो स्वतः पंच होता, त्याला 'केस मिटेपर्यंत' बाजूला बसायला सांगितलं. त्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला. पण एकही रविवार त्यानं चुकवला नाही. पंच म्हणवून घ्यायला आता हे मैदानच उरलं होतं.

कोर्टात केलेलं अपीलही गेल्या दिवाळीनंतर फेटाळलं गेलं होतं. अर्जदार गैरहजर, एवढंच कारण. त्या तारखेला शिमोन कबरस्तानात होता. बायकोला, कडूबाईला, माती देत होता.

मैदान रिकामं झाल्यावर पार्थ जवळ आला. कोपर सोललं होतं.

"काका, थँक्यू. मी पप्पांशी बोलू का तुमचं? ते म्हणतात, अमोलिकनं चूक झाली असं लिहून दिलं तर अजूनही विचार करू."

"आदी बी म्हनले हुते."

"मग? एक ओळ तर आहे."

"एकच हाय. पन माझ्या हातची." शिमोननं डोक्यावरची टोपी काढून झटकली. "आन हे बग बाळा, तू आत हुता म्हनून आत दिलं. त्याच्या बदल्यात मी काय घेतलं, तर अजिनाथ म्हनतो तेच खरं व्हईल. जा, कोपराला हळद लाव."

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं तो नगरला गेला. केस पुन्हा चालवावी म्हणून त्यानं अर्ज दिला होता. वकिलानं अंग काढून घेतलेलं, म्हणून पुकारा झाल्यावर तो स्वतःच पुढं जाऊन उभा राहिला.

न्यायाधीशांनी कडूबाईचा मृत्यूचा दाखला पाहिला, त्यावरची तारीख पाहिली.

संस्थेचे वकील उठले. "साहेब, अर्जदार येत्या एकतीस जुलैला साठ पूर्ण करतायत. केस उघडली काय आणि नाही काय, कामावर तर त्यांना जाता येणार नाही. कोर्टाचा वेळ कशाला?"

"अमोलिक, यावर तुमचं काय म्हणणं?"

शिमोननं घरी चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"साहेब, मला कामावर न्हाई जायचं. मला रिटायर व्हायचंय."

"म्हणजे?"

"आत्ता मी काढल्याला मानूस हाय. रिटायर झाल्याला मानूस येगळा असतो. माझी बायको काढल्याल्या मानसाची बायको म्हनून गेली, साहेब. मला तसं न्हाई जायचं."

संस्थेच्या वकिलांनी फाईलचं पान उगाच उलटलं. न्यायाधीशांनी दाखला परत फाईलला लावला. मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "अर्ज मंजूर. अपील पुन्हा बोर्डावर घ्या." पुढची तारीख पडली एकोणीस ऑगस्ट.

जुलै त्याच्या आधीच संपणार होता.

एकतीस तारखेला शिमोननं दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि दुपारी तो शाळेत गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. क्लार्क दिपाली मॅडमच्या टेबलावर त्यानं अर्जाच्या दोन प्रती ठेवल्या. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'मी आज वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. माझे अपील कोर्टात प्रलंबित आहे. माहितीसाठी सादर.'

दिपालीनं तो दोनदा वाचला.

"मामा, रेकॉर्डला तर तुम्ही... तुम्हाला कमी केलंय. मी हा कसा घेऊ?"

"घेऊ नका म्हनून कुठं लिव्हलंय का?"

"सर ओरडतील हो."

"वरडू द्या. मॅडम, मी लई कागद आनलेत या टेबलावर. आवक म्हंजी कागद आला, एवढंच. मान्य केला, असं कुठं हुतं?"

तिनं मुख्याध्यापकांच्या बंद दाराकडं पाहिलं. मग आवक रजिस्टर पुढं ओढलं, नंबर टाकला, सही केली. शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि शिमोनच्या प्रतीवर मारला.

"बसा ना मामा. चहा सांगते."

"नको मॅडम. निगतो."

शाई अजून ओली होती. घडी घातली असती तर ती पुसली असती. शिमोननं कागद दोन्ही हातांनी कोपऱ्यांना पकडला आणि तसाच छातीसमोर उघडा धरून तो सावकाश व्हरांड्यातून चालत बाहेर गेला.