तीस शब्दांचं घर

सकाळी सात वाजता आईने बडबडीपुढे ताटली ठेवली आणि म्हणाली, “ईट.”

“येस.”

“गुड?”

“गुड.”

झालं. मायलेकींचं सकाळचं बोलणं एवढ्यावर आटोपलं.

बडबडी हे नाव मुलीला उगीच पडलेलं नव्हतं. जुन्या गावी तिचं तोंड बंद करायला आईला हात जोडावे लागत. पण या देशात येऊन तीन महिने झाले होते. सातवीत नाव घातलं, त्याच आठवड्यात वर्गाच्या बाईंनी आईला बोलावून दुभाष्यामार्फत बजावलं होतं, “मुलीचं भलं हवं असेल तर घरातसुद्धा इंग्रजीच बोला.” आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिला इंग्रजी शब्द येत जेमतेम तीस, त्यातले निम्मे डागांचे नि कपड्यांचे. तरी तिने बाईंचा शब्द शिरसावंद्य मानला. बाप ट्रक घेऊन लांब जायचा, पंधरवड्याने उगवायचा. दोन खोल्यांत बोलायला उरल्या या दोघी, आणि त्यांचं बोलणंच आटलं.

शाळेत तर पाटी होती. लाकडी, दोरी लावलेली; तिच्यावर लिहिलं होतं, ‘मला इंग्रजी येत नाही’. घरच्या भाषेत बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात ती पडायची. त्याने मग दुसऱ्याला पकडलं की पाटी त्या दुसऱ्याच्या गळ्यात. शेवटच्या घंटेला ती ज्याच्याकडे, त्याने शाळा रिकामी होईपर्यंत दाराशी उभं राहायचं. बाईंनी काही ही पद्धत काढली नव्हती. त्याही लहानपणी परक्या देशातून इथे आल्या होत्या, पाटी गळ्यात घालूनच शिकल्या होत्या. म्हणून ती चांगलीच असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

वर्गात बडबडीच्याच भाषेची एक मुलगी होती, चष्मेवाली. ती बडबडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. मधल्या सुट्टीत बडबडी जिन्याखाली एकटी बसून डबा खायची आणि कधीकधी, आवाज विसरू नये म्हणून, स्वतःशीच ओठ हलवायची.

त्या गुरुवारी दुपारी तिच्या पोटात कळ आली. स्वच्छतागृहात जाऊन पाहते तो रक्त! आईने कधीतरी तिला हे सांगायचं ठरवलं होतं. पण तीस शब्दांत ते कुठलं बसायला?

बाहेर चष्मेवाली हात धूत होती. पाटी सकाळपासून तिच्याच गळ्यात होती.

“ऐक ना,” बडबडी तिचा हात धरून घरच्या भाषेत म्हणाली, “मला रक्त येतंय. मी मरणार का गं?”

चष्मेवालीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग तिची नजर घड्याळाकडे गेली. घंटेला दहाच मिनिटं होती. तिने दोरी डोक्यावरून काढली, बडबडीच्या गळ्यात घातली आणि खालच्या मानेने पळाली.

सगळी शाळा समोरून निघून गेली. बडबडी भिंतीला पाठ लावून, दप्तर मागे धरून उभी होती. कुणी हसलं, कुणी पाहिलंच नाही. आपण इथेच मेलो तर आईला कोण कळवेल, कुठल्या भाषेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा मुलगी कढत पाण्यात स्कर्ट चोळत बसली होती.

“हॉट नो,” आई सवयीने म्हणाली. “ब्लड, कोल्ड.” आणि बोलता बोलता थबकली. कोणाचं रक्त?

“आय… डाय?” मुलीने विचारलं.

“अगं माझे आई!” तीन महिन्यांचा बांध फुटला. “मरतेस कशाने, वेडे? मोठी झालीस तू! प्रत्येक बाईला हे येतं. मला आलं, तुझ्या मावशीला आलं…”

“आई, इंग्रजीत बोल. बाई रागावतील.”

“चुलीत गेलं ते इंग्रजी! पोर मरणाच्या भीतीने एकटी स्कर्ट चोळत बसते, आणि मी विचारते, गुड?” तिने ओल्या हातांनीच मुलीला पोटाशी धरलं. जेवणं राहिली, आणि दोघी बोलतच बसल्या.

दुसऱ्या दिवशी आई भर वर्गात हजर. दुभाष्याचं काम मुलीकडे. अडखळत, व्याकरणाचा चुराडा करत तिने सगळं इंग्रजीत सांगितलं, रक्तसुद्धा. चष्मेवाली रडायला लागली.

“पण भाषा अशीच येते,” बाई म्हणाल्या. “मीही अशीच शिकले.”

“त्यांना विचार,” आई म्हणाली, “तेव्हा घरी जाऊन तुम्ही कुणाशी बोलत होतात?”

मुलीने विचारलं.

“कुणाशीच नाही,” बाई हळूच म्हणाल्या. मग उठून त्यांनी खिळ्यावरची पाटी काढली आणि कपाटात टाकली.

आई मात्र हलली नाही. “अशा आणखी किती आहेत म्हणावं?”

“सात. वर्गागणिक एक.”

“मग मुख्याध्यापकांकडे चला. अर्धी रजा टाकून आलेय मी.”

बाई घुटमळल्या. नोकरीचा प्रश्न होता. पण मायलेकी निघाल्या तशा त्याही मागून चालू लागल्या. बडबडीने मुख्याध्यापकांचं दार वाजवलं, “मे आय कम इन?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता आईला आत घेऊन गेली.