चार चाळीसची गाडी

इंग्लंडमधली खेडी बघायची तर गाडी भाड्यानं घ्यायची, हे माझ्या नवऱ्यानं, सौमित्रनं, गृहीत धरलं होतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. "गाव बघायचं तर गावच्या एसटीनं बघावं," ते म्हणाले. चौतीस वर्षं त्यांनी कराड डेपोत गाड्यांची वेळापत्रकं बसवली होती. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

२०२०च्या फेब्रुवारीत ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात आले. सासूबाई गेल्यानंतर चार वर्षांत पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. एप्रिलमध्ये पाच दिवस इंग्लंडला जायचं ठरलं, त्यांचा व्हिसाही झाला, आणि मार्चमध्ये सगळं बंद पडलं. विमानं थांबली आणि आप्पा इथेच अडकले.

स्लोटरडाइकच्या ऑफिसात मला दोन स्क्रीन होते. घरी जेवणाचं अर्धं टेबल मिळालं, कारण उरलेल्या अर्ध्यावर आप्पांचं इंग्लंड पसरलेलं असायचं. सौमित्रनं छापून दिलेली तिकडच्या बसची वेळापत्रकं, फूटपट्टी, लाल-निळी पेन्सिल. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते रोज नव्यानं आखणी करायचे. मंगळवारी लिटल हॅम्बरी, तिथलं चर्च बघून अकरा वीसची गाडी, विलोफर्डला जेवण. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी फोनवर माझ्या आईला सांगायचे. खरं सांगायचं तर मला रागच यायचा. जगात काय चाललं होतं, आणि हा माणूस चर्चला चाळीस मिनिटं द्यावीत की पन्नास, याचा विचार करत होता.

मेमध्ये एकदा मी मीटिंगमध्ये असताना त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

"हे कुणी बसवलंय? लतिका, इकडे बघ."

मी माइक बंद करून बघितलं. तिसऱ्या दिवशी एका फाट्यावर बस बदलायची होती. शहराकडून येणारी बस तिथे चार बेचाळीसला पोचत होती. आत नेदरकोट गावाला जाणारी त्या दिवसाची शेवटची बस चार चाळीसला निघून गेलेली असायची.

"मग दुसरं गाव घ्या, आप्पा. तिथे काय गावांना तोटा आहे?"

"आपलं नाही गं. ही शहराची गाडी हॉस्पिटलच्या दारातून निघते. रोज कुणीतरी फाट्यावर उतरत असणार, आणि समोरून आपली गाडी जाताना बघत असणार. दोन मिनिटांसाठी."

त्यांनी त्या बस कंपनीला पत्र सांगायला घेतलं. मी टाइप केलं. 'आय मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट' अशी सुरुवात, मधे फाट्याचा नकाशा, शेवटी 'श्यामकांत, निवृत्त, वाहतूक शाखा, कराड'. वाचताना मलाच लाज वाटली. कुठला कोण निवृत्त माणूस, घरात अडकलेला, इंग्रजांना बसची वेळ शिकवतोय. मी ते पत्र ड्राफ्टमध्ये ठेवलं आणि पाठवलं म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून चहाबरोबर एकच प्रश्न. "उत्तर आलं?"

"नाही आलं, आप्पा."

पाच आठवडे हे चाललं. जूनच्या शेवटी भारतात परतायच्या विमानात त्यांचं नाव लागलं. बॅग भरता भरता त्यांनी परत विचारलं, आणि माझा तोल गेला. "आप्पा, आपण नाही जाणार आहोत तिथे. तुमचा व्हिसासुद्धा संपेल. सोडा ना आता ते."

ते रागावले नाहीत. स्वेटरची घडी घालत राहिले.

"आमच्याकडे एक नर्सबाई यायच्या अर्ज घेऊन," ते म्हणाले. "त्यांची ड्यूटी सुटायची आणि गाडी पाच मिनिटं आधी गेलेली असायची. पाच मिनिटं मागत होत्या. मी म्हटलं, एका माणसासाठी वेळापत्रक बदलत नसतं. दोन वर्षं बाई फाट्यापासून चार किलोमीटर चालत गेल्या. मग त्यांची बदली झाली. अर्ज तसाच राहिला माझ्या खणात."

एवढं सांगून ते मोजे शोधायला लागले. मी उठून आतल्या खोलीत गेले आणि पत्र पाठवलं, एक शब्द न बदलता.

चार दिवसांनी स्किपोल विमानतळावर मास्क आणि प्लास्टिकच्या पडद्याआडून त्यांनी विचारलं, "उत्तर?"

"येईल," मी म्हटलं. पाच आठवडे आधी पाठवलं असतं तर कदाचित उत्तर हातात देता आलं असतं, हे मला तिथे उभं राहून फार लागलं. ते आत गेले तेव्हा मला रडू आलं. सौमित्रला वाटलं, सासऱ्यांच्या वियोगानं.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. मिसेस हॉब्ज नावाच्या बाईंनी लिहिलं होतं की शहराच्या बसची वेळ सहा वर्षांपूर्वी बदलली, दुसरी तशीच राहिली. ज्यांची बस चुकायची ते लोक हळूहळू बसनं यायचेच थांबले, त्यामुळे तक्रार करणारं कुणी उरलं नाही. सप्टेंबरपासून नेदरकोटची बस चार अठ्ठेचाळीसला सुटेल. मी ते छापून कराडला पाठवलं.

२०२२च्या मेमध्ये सौमित्र आणि मी आप्पांची कॅलेंडरची पानं घेऊन तिकडे गेलो. आप्पांचा गुडघा तोवर दुखायला लागला होता. ते म्हणाले, तुम्हीच बघून या. लिटल हॅम्बरीच्या चर्चला पन्नास मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या फाट्यावर उभे होतो. नेदरकोटची बस आधीच येऊन थांबली होती. चार बेचाळीसला शहराची बस आली. तिच्यातून निळ्या गणवेशातली एक बाई उतरली, रस्ता ओलांडला आणि सावकाश चालत समोरच्या बसमध्ये जाऊन बसली. तिनं घड्याळाकडे पाहिलंही नाही.

आम्हीही तिच्यामागून चढलो आणि मी तिथूनच फोन लावला. कराडला सव्वानऊ वाजले होते. आप्पांनी फुलं, घरं, हवा काही विचारलं नाही.

"कितीला सुटली?"

"आता सुटतेय. अठ्ठेचाळीस. आम्ही आत बसलोय."

"शहराच्या गाडीतून कोण उतरलं?"

"एक नर्स होती, आप्पा. बसलीये आमच्या पुढच्या सीटवर."

मग मी जे दोन वर्षं सांगू शकले नव्हते, ते सांगून टाकलं. "आप्पा, ते पत्र मी पाच आठवडे पाठवलंच नव्हतं. तुम्ही रोज विचारायचात आणि मी खोटं सांगायचे."

"पाच आठवडेच ना," ते म्हणाले. आवाज जरा ओला होता. "त्या बाईंचा अर्ज माझ्या खणात दोन वर्षं होता. बस आता नीट, खिडकीतून बघ, आणि गाव कसं आहे ते सांग मला."

मी फोन खिडकीशी धरला आणि सांगायला लागले.