लघुग्रहाचा आठवा हिस्सा

शेवटच्या सहा माऱ्यांपैकी पाचांत दादाने काढलेली ऊर्जा त्याच्या धाकट्या बहिणीने काढलेल्या ऊर्जेच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकी होती. उरलेल्या एका माऱ्यात दोघांची उत्तरे जुळत होती.

हे मारे खरे नव्हते. दूरचित्रवाणीवरच्या एका जुन्या मालिकेतले अंतराळजहाज वाटेत आडवे येणारे लघुग्रह तोफेने फोडीत असे, आणि ती तोफ किती शक्तीची असावी याचा अंदाज बांधणे हा या भावंडांचा शाळेपासूनचा उद्योग होता. पद्धत साधी होती. चित्र थांबवायचे, लघुग्रहाच्या दोन कडांवर खुणा करायच्या, मिळालेल्या रुंदीवरून आकारमान काढायचे, आकारमानावरून वस्तुमान, आणि एवढा दगड फोडायला किती ऊर्जा लागेल ते मांडायचे. मालिका लिहिणाऱ्यांच्या मनात यातले काहीही नसणार, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. दादाचे म्हणणे असे, की ज्याने गणित केलेलेच नाही त्याचे उत्तर तपासण्यासारखी दुसरी करमणूक नाही. जहाजाला त्याने ‘आत्याबाई’ असे नाव ठेवले होते, कारण ते आले की घरातले काहीतरी फुटतेच.

पुढे दादा नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागला आणि बहीण वजने-मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. उद्योग सुटला नाही; उलट त्याला समविचारी माणसे मिळाली. त्यांच्यातला एक दंतवैद्य जहाजाच्या लांबीवरून प्रत्येक चित्राचे प्रमाण आधी ठरवून देई. मग भाऊ आणि बहीण आपापल्या घरी, एकमेकांना न दाखवता, दगडावर खुणा करीत. गटाचा धर्म एकच होता: आकडा किमान असावा. मोठा आकडा सांगणारा बढाईखोर ठरे, लहान आकडा सांगणारा अभ्यासू. दोन उत्तरांत तफावत पडली, तर वाद न घालता लहान उत्तर धरले जाई. त्यामुळे त्या पाचही माऱ्यांत दादाचेच उत्तर धरले गेले आणि पुन्हा मोजावे असे कोणालाही वाटले नाही. दंतवैद्याने तर त्याची पाठ थोपटली होती. उतारवयात माणूस सावध होतो, असे त्याचे मत पडले. बहिणीनेही मान डोलावली होती.

त्यानंतर एका दुपारी, जेवायला घरी येताना, दादा बससमोर आला आणि जागच्या जागी गेला.

रस्ता सरळ होता, ऊन लख्ख होते. समोरच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने सांगितले, की साहेब कडेला थांबले, मान वळवून पाहिले आणि रस्ता मोकळा असल्यासारखे शांतपणे चालू लागले. घाई नव्हती, हातात फोन नव्हता. एवढ्यावरून नातेवाइकांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला आणि तो खालच्या आवाजात एकमेकांना सांगितला. खालचा आवाज घरात सर्वांत लांब जातो. वहिनीच्या कानांवर तो तिसऱ्या दिवशी गेला.

येणारी-जाणारी माणसे आटल्यावर बहीण तिच्याकडे गेली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी होती. गॅसवर काही नव्हते. या घरात नवी आली तेव्हा तिने थट्टेने नणंदेला जुन्या पद्धतीने ‘वन्सं’ म्हणायला सुरुवात केली होती. थट्टा विरली, हाक राहिली.

“वन्सं, तू मोजमापं करणारी बाई. मला एकच सांग. तो स्वतःहून गेला का?”

“मला माहीत नाही, वहिनी.”

“अंदाज?”

“पुरावा नसताना कसा सांगू?”

“म्हणजे आत्याबाईची तोफ नुसती बघून तुम्ही आकडे सांगणार, आणि माझ्या नवऱ्याला मात्र पुरावा पाहिजे.”

वहिनी उत्तरासाठी थांबली नाही. ती बराच वेळ सलग बोलत राहिली. गेले दोन महिने तो तिच्याशी तुटल्यासारखा वागत होता. जेवायला बसला की मान वर करून तिच्याकडे पाहत नसे. तिने काही विचारले तर कधी उत्तर देई, कधी भिंतीशी बोलावे तसे होई. ताटातले अर्धे अन्न टाकून उठे, आणि का टाकलेस म्हटले तर उलट तिलाच विचारी, कुठे टाकले? तिला वाटले, चेष्टा करतोय. मग वाटले, वीट आलाय. आधी जेवणाचा, मग तिचा. शेवटी, त्या दुपारी, सगळ्याचाच.

“तीस वर्षांत भांडण कमी झालं का आमचं? पण भांडताना तो डोळ्यांत बघायचा. न बघता राहणं त्याला जमलं कसं, एवढं मला कळू दे. मग तो स्वतःहून गेला असला तरी चालेल.”

चालणार नव्हते, हे दोघींनाही दिसत होते.

शनिवारी दंतवैद्याचा निरोप आला. दादाचे शेवटचे काम एकत्र करून गटासमोर मांडावे, अशी त्याची इच्छा होती. बहीण संगणकापुढे बसली ती या कामासाठी. उत्तरे शेजारी-शेजारी मांडल्यावर आठव्या हिश्श्याची ती गोष्ट तिच्या प्रथमच लक्षात आली.

सावधपणा हे स्पष्टीकरण तिने आधी बाजूला काढले. सावध माणूस सगळीकडे सावध असतो; सहावा मारा त्यात बसत नव्हता. मग मन उडाले असावे, हे दुसरे. वहिनीच्या भीतीला ते पोषक होते, म्हणून तिने ते जास्त कडक तपासले. उदास माणसाचे हिशेब चुकतात, पण ते कधी इकडे चुकतात, कधी तिकडे. दर वेळी त्याच बाजूला आणि जवळजवळ त्याच प्रमाणात चुकायला उदासी पुरत नाही. शिवाय आकडेमोड पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्दोष होती. चूक होती ती रुंदीत. रुंदी निम्मी धरली की आकारमान आठव्या हिश्श्यावर येते, ऊर्जाही तेवढीच येते.

तिने स्वतःच्या खुणा त्याच्या खुणांवर ठेवून पाहिल्या. उजव्या कडेवरच्या खुणा एकमेकींवर बसल्या. दादाचा हात नकाशेवाल्याचा होता, केसाचाही फरक नव्हता. डाव्या कडेवर मात्र त्याची एकही खूण नव्हती. त्याची डावी खूण दगडाच्या मधोमध होती. पाचही चित्रांत. जिथे कड नव्हती, सावली नव्हती, साधी भेगही नव्हती, अशा सलग खडकावर त्याने बारकाईने, खात्रीने, दगड इथे संपतो असे दाखवले होते.

सहाव्या चित्रात लघुग्रहाची एक बाजू जहाजाआड गेली होती. म्हणून त्या एका चित्रात दोघांनी रुंदी न घेता उंची घेतली होती. वरची खूण बरोबर होती. खालची बरोबर होती.

ती खुणांची चित्रे घेऊन दंतवैद्याकडे गेली. त्याने हात धुतले, शेवटचा रुग्ण बाहेर गेल्यावर रुग्णाच्याच खुर्चीवर बसला आणि बराच वेळ चित्रे पाहत राहिला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कधीकधी माणसाची डावी बाजू जाते, असे त्याने सांगितले. डोळे शाबूत असतात. आंधळेपणा असता तर त्याला जाणवले असते, त्याने मान वळवून भरपाई केली असती. इथे डावीकडे काही आहे ही जाणीवच पुसली जाते, आणि पुसली गेल्याचीही जाणीव राहत नाही. अशी माणसे अर्धी दाढी करतात आणि आरशात बघून समाधानाने बाहेर पडतात. मग आपला विषय दात, तेव्हा खात्री देणार नाही, असे म्हणाला; आणि आणखी थोड्या वेळाने म्हणाला, की पाठ थोपटताना चित्र एकदा उघडून बघायला हवे होते. ते त्यांच्यापैकी कोणीच उघडले नव्हते. आकडा लहान होता, एवढे सर्वांना पुरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण वहिनीकडे गेली. या वेळी तिने चित्रे नेली नाहीत. कोणते उत्तर हवे आहे ते वहिनीला कळू नये अशा बेताने तिने प्रश्न विचारले.

“ताटातलं कुठलं अर्धं टाकायचा दादा?”

“हा काय प्रश्न झाला?”

“आठव ना, वहिनी.”

वहिनीने रिकाम्या टेबलावर हात फिरवला, जणू ताट समोर होते. “या बाजूचं. भाजी तशीच राहायची. ताट उचललं की माझा अंगठा दर वेळी तिच्यात बुडायचा.” तिचा हात डावीकडे होता. मग तिला आपसूक आणखी आठवले. सदऱ्याला इस्त्री करायचा ती एकाच बाजूला. तिला वाटे, उरलेली बाजू मुद्दाम तिच्यासाठी ठेवतो.

“तू जेवायला कुठे बसायचीस?”

वहिनीने बोट दाखवले, आणि ते बोट तसेच राहिले. बहिणीने सांगायचे ते नंतर सांगितले. वहिनीने त्यातले किती ऐकले, कोण जाणे. मधेच तिने एवढेच विचारले: “म्हणजे मी उठून पलीकडे बसले असते, तर?”

“तर तुझ्याकडे बघितलं असतं त्याने.”

त्यावर वहिनी रडली. आतापर्यंत ती रडली नव्हती.

कारण असे होते. दादाच्या मेंदूच्या उजव्या भागात काहीतरी बिघडले होते. ती गाठ होती की गुठळी, हे आता कळणार नाही, कारण तपासायला काही उरलेले नाही. त्या बिघाडामुळे डावी बाजू त्याच्यापुरती अस्तित्वातच नव्हती, आणि ती नाही हे त्याला माहीत नव्हते. वहिनीची खुर्ची त्याच्या डावीकडे होती. रस्ता एकेरी वाहतुकीचा होता, आणि घराकडे येताना त्यावरची वाहने डावीकडून येतात.