डाव्या हाताची मूठ

"मूठ वळ," नवीन सर म्हणाले.

चारूने डावा हात पुढे केला आणि मूठ वळली. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बरोबर खाली उठलेली कळ थेट कोपरापर्यंत गेली. तिने चेहरा हलू दिला नाही.

"दुखतंय?"

"नाही सर. जरा ताणल्यासारखं वाटतंय."

"मग घट्ट बांधू." सरांनी पांढरी पट्टी मनगटावरून फिरवून दाताने तोडली. धुळ्याच्या मैदानावर हिवाळ्यातलं ऊनही डोळ्यांवर येत होतं. राज्याच्या बेसबॉल संघासाठी निवड सामने चालले होते. आज चारूची बॅट चालली की तिची जागा पक्की, असं सरांनी तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. पण जळगावहून येताना बसमध्ये बाकीच्या मुली तिच्याशी नको तितक्या गोड बोलत होत्या, त्यावरून तिला ते कळलं होतं.

चारू मूळची सावद्याची. वडील चुडामण केळीच्या कापणीवर जायचे, खांद्यावर घड वाहायचे. आई सुनंदाबाई माल भरण्याच्या शेडमध्ये केळीच्या फण्या धुवायची. घरात खेळाचा वारा नव्हता. शाळेत ईश्वर सर होते, शिरपूरकडचे. इतकी वर्षं सावद्यात काढूनही त्यांची अहिराणी सुटली नव्हती. बेसबॉल त्यांनी शाळेत आणला खरा, पण बॅट कशी फिरवायची ते आपल्याला शिकवता येत नाही, असं ते मोकळेपणाने सांगत. चारूला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "चेंडू देख, पोरी. बठ्ठं त्यामाच शे. मारानी घाई करू नको."

सगळं चेंडूतच आहे, हे चारूला शिकवावं लागलं नव्हतं; ती आधीपासूनच चेंडू बघायची. पिचरच्या बोटांतून सुटल्यापासून बॅटवर येईपर्यंत तिची नजर त्याला सोडत नसे. तिचा फटका फार लांब जात नसे, पण ती चुकतही नसे. ईश्वर सर निवृत्त होऊन गावी जाताना तिला जळगावला नवीन सरांकडे सोपवून गेले.

नवीन सर तरुण होते, स्वतः विद्यापीठाकडून खेळलेले. ते मोबाइलवर प्रत्येकीचा फटका टिपायचे, थांबवून थांबवून दाखवायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचे, पाणी मारायचे. मुलींवर त्यांचा जीव होता, आणि चारूवर जरा जास्तच.

"ताकद आहे तुझ्यात. बॅटमध्ये उतरत नाही," ते एकदा म्हणाले आणि त्यांनी तिचा डावा हात दांड्यावरून खाली सरकवला. दांड्याच्या टोकाशी जो गोल गड्डा असतो, तो त्यांनी तिच्या तळहातात बसवला. "असं धर. बॅट बोटभर लांब होते. आता फिरव."

चेंडू कुंपणावरून गेला आणि रस्त्यावरच्या भाजीच्या गाडीखाली शिरला. भाजीवाली ओरडत होती, मुली हसत होत्या, आणि चारू नुसती उभी होती. इतक्या लांब आपलं काही जाऊ शकतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. त्या पावसाळ्यात तिचे चेंडू रोज कुंपण ओलांडत राहिले. जेवताना, बसमध्ये, वर्गात तिचा डावा हात आपोआप तसा मिटायचा.

नवरात्राच्या सुमारास तळहात दुखायला लागला. तिने सांगितलं, तेव्हा सर स्वतः तिला मोटरसायकलवर बसवून एक्स-रे काढायला घेऊन गेले. हाड ठीक होतं. "मुका मार आहे, आठवडाभर जपा," असं तिथे सांगितलं. आठवडाभर तिने जपलं. बॅट हातात घेतली की कळ परत.

सुटीत घरी आली तेव्हा सुनंदाबाईने हळद-तेल गरम करून चोळलं. "काबरं व, इतलं सुजलंय अन् सांगतलं नाही तू?"

"मुका मार आहे, आई. एक्स-रे काढलाय."

"मुका असो नाही तं बोलका. दुखू ऱ्हायलं तं काहीतरी अशीनच ना!"

ईश्वर सरांचा फोन आला, तेव्हा त्यांनीही पहिला प्रश्न तोच केला. "हात कसा शे? दुखस का?"

"नाही सर."

"दुखस तं थांब, पोरी. खेळ कुठे पळी जात नही."

पण खेळ पळून जात होता. थांबलं तर ममता तिच्या जागी उभी राहणार होती. ममता तिची मैत्रीण, जळगावच्या वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणारी, आणि ती वाट बघत नव्हती असंही नव्हतं.

तर धुळ्याचा तो सामना. पहिल्या पाळीत चारूने असा फटका मारला की समोरच्या संघाच्या मुलींनीही माना वळवून चेंडू कुठवर जातो ते पाहिलं. दुसऱ्या पाळीला चेंडू अंगावर आला. तिने हात आखडून बॅट फिरवली आणि हाताच्या आत काहीतरी तुटलं. आवाज फक्त तिला ऐकू आला. बॅट निसटून पडली.

सर धावत आले. "बाहेर येतेस?"

"एक पाळी अजून, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग गुणफलकाकडे. एका धावेने ते मागे होते. "नक्की?"

"नक्की."

तिसऱ्या पाळीला तिने बॅट धरली, तेव्हा करंगळी मिटली नाही. चारूने तिला मिटायला सांगितलं, ती ऐकेना. उरलेल्या बोटांनी तिने तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत. परत येताना ती उजव्या हाताने करंगळी दाबून वाकवून पाहत होती. सोडली की सरळ.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. पहिल्या फटक्याच्या जोरावर चारूचं नाव त्यात होतं.

जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या यंत्रात तिचा हात घालून पाहिलं. तळहाताच्या बुडाशी आकड्यासारखं एक इवलं हाड असतं, ते कधीचंच मोडलेलं होतं. साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. बॅटचा गड्डा रोज तिथेच बसायचा. त्या मोडक्या टोकावर घासून घासून करंगळी वाकवणारी शीर झिजली होती आणि धुळ्यात ती तुटली. डॉक्टरांनी हाडाचा तुकडा काढला, शीर जोडली.

"रोजच्या कामाला काही अडचण येणार नाही," ते म्हणाले.

"बॅट?" चारूने विचारलं.

"धरता येईल. पूर्वीसारखी नाही."

नवीन सर दवाखान्यात आले, ते दारातच उभे राहिले. हातात मोसंब्यांची पिशवी. "मी एक्स-रे पाहिला होता गं," एवढंच म्हणाले.

चारूने मनातल्या मनात त्यांच्यावर खूप चिडून पाहिलं. जमेना. तिला तो चेंडू दिसायचा, कुंपणावरून जाणारा. तो याच माणसाने दिला होता, आणि हातही यानेच घेतला होता. दोन्हींची फारकत कशी करायची ते तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "सर, ममताला तसं धरू देऊ नका."

सरांनी मान हलवली. राज्याच्या संघात तिच्या जागी ममता गेली.

टाके सुकल्यावर चारू काही महिने मैदानावर गेली. सरांनी दांड्यावर तिचा हात वर घेतला, पाय बदलून पाहिले, हलकी बॅट दिली. पण खरी गोष्ट वेगळीच होती. चेंडू जवळ आला की तिचे डोळे मिटायचे. क्षणभरच, पण मिटायचे. आयुष्यात जी एक गोष्ट तिला कुणी शिकवावी लागली नव्हती, तीच गेली. एका सकाळी ती मैदानावर गेली नाही, आणि पुन्हा कधीच गेली नाही.

आता ती सावद्यात आहे. केळीच्या शेडमध्ये आलेल्या मालाची संगणकावर नोंद करते. पोळ्या लाटते, स्कूटी चालवते. डावा हात बघून कुणाला काही कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एके सकाळी चुडामण कामाला निघता निघता थांबले. माळ्यावरची बॅट त्यांनी काढून, फडक्याने पुसून आणली होती.

"चारू, मी तुह्या एकाबी सामन्याले आलो नाही. कापणी कधी सुटलीच नाही. एकदा मले दाखोय ना, कसं मारतात ते."

"नाना, आता नाही जमत."

"तुले जमन तितलं. मले कुठी समजते त्यातलं?"

घरामागे रिकामी जमीन होती, पलीकडे केळीची बाग. चुडामणने चेंडू टाकला. लहान पोराकडे टाकावा तसा, खालून. चारूने बॅट फिरवली. डोळे मिटलेच. तरी चेंडू बॅटला कुठेतरी लागला. बोटांतून दांडा सरकला, आणि चेंडू दोन-तीन टप्पे खात केळीच्या पहिल्या ओळीत जाऊन पडला. शाळेतल्या पोरींनीसुद्धा ज्याला हसावं असा फटका.

"अरे बापरे!" चुडामण ओरडले. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते त्या ओळीकडे बघत राहिले. "थेट बागेत! सुनंदा, पाह्यलं का? आपली पोरगी असं मारायची!"

सुनंदाबाई मागच्या दारात उभी होती. तिने चारूकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"असंच मारायची ना व तू?" चुडामणने विचारलं. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

"हो नाना," चारू म्हणाली. "असंच."

चुडामण चेंडू शोधायला बागेत शिरले. मोठमोठी पानं बाजूला सारत, वाकून वाकून बघत ते आत आत जात राहिले. चेंडू पहिल्याच ओळीत, पाण्याच्या नळीपाशी पडला होता. चारूला तो उभ्या जागेवरून दिसत होता. तिने सांगितलं नाही. त्यांना आणखी आत जाऊ दिलं.