ती बोलत का नाही

ताईने चष्म्याची डबी खाटकन मिटली आणि खोक्यात जवळजवळ फेकलीच.

"तोंड शिवलंय का तिचं? एकदा मेली ना ती? आता आणखी कुणाला घाबरते?"

समोर चिमणी जेवणाचा डबा उघडत होती. चष्म्याच्या कारखान्यात मधल्या सुट्टीत या दोघींचा रोज हाच वाद. मालिकेतल्या सुनेला नणंदेने जिन्यावरून ढकललं, सून भूत होऊन घरी परतली, आणि एकशे बारा भाग झाले तरी नवऱ्याच्या पाठीमागे नुसती उभी. नणंद तिचेच दागिने घालून मिरवते आणि ही बाई साधा पडदासुद्धा हलवत नाही.

"घाबरत नाही ती," चिमणी म्हणाली. "नवऱ्याचा बहिणीवर किती जीव आहे, बघतेस ना? कळलं तर कोसळेल तो."

"कोसळू दे! खोट्यात राहण्यापेक्षा बरं."

ताईचा राग भुतावर होता आणि नव्हताही. आठ दिवसांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा चष्मा परत आला होता. उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे. उजव्या काचेवर लाल ठिपका द्यायचं काम चिमणीचं, फ्रेममध्ये काचा बसवायचं ताईचं. चिमणीने त्याच दोन काचा डोळ्यांवर धरून भुताची नक्कल केली होती, ताई हसून हसून बेजार झाली होती, आणि परत ठेवताना चिमणीकडून काचांची अदलाबदल होऊन लाल ठिपका डाव्या काचेवर पडला होता. ताईला हे पक्कं ठाऊक होतं. तरी सुपरवायझर बाईंनी उचलून पॅकिंगला बसवलं ते ताईलाच. अकरा वर्षं जी खुर्ची तिची, तिच्यावर आता काल आलेली पोरगी. आणि चिमणी मूग गिळून गप्प.

"एक वाक्य बोलायचं असतं गं," ताई म्हणाली. "'हे तिने केलं' किंवा 'हे मी केलं'. जीभ झडते का?"

चिमणीचा घास हातातच राहिला.

"ताई, कधी कधी खरं सांगितलं की ज्याला जपायचं त्यालाच लागतं."

"हे कुठल्या भागात दाखवलं?"

चिमणीने डबा बंद केला. अर्धाही संपला नव्हता.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. बस झालं! ती उठली, थेट बाईंच्या केबिनमध्ये शिरली आणि नकलेचं, ठिपक्याचं, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

बाईंनी ऐकून घेतलं. "चष्मा परत आला त्याच दिवशी ती सांगून गेली. रडली इथे बसून."

"मग मला का हलवलंत?"

"बसवणारी नुसत्या ठिपक्यावर विसंबत नाही, ताई. काचेच्या कडेला कोरलेला बारीक आकडा गिऱ्हाइकाच्या नंबराच्या चिठ्ठीशी ताडून बघते. तू बघितलास?"

ताईचा हात नकळत डोळ्यांकडे गेला.

"तुला तो दिसलाच नाही. दोन महिने दिसत नाहीये. तुझे चष्मे पुढे जायच्या आधी चिमणी पुन्हा तपासायची. सात तिने गुपचूप दुरुस्त केले. हा चष्मा बनला त्या दिवशी ती लवकर घरी गेली, म्हणून तो सुटला. ताईला सांगू नका, म्हणाली, तिला सहन होणार नाही. मीही शहाणी, तिचं ऐकलं." बाईंनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. "डॉक्टरांकडे नाव घातलंय तुझं. आधी डोळे तपास, मग खुर्चीचं बोलू."

ताई बाहेर आली तेव्हा चिमणी तिच्या टेबलापाशी उभी होती.

"चिडलीस?"

"मग काय नाचू? मला सांगायचंस. बाईंना नाही, मला."

"तू ऐकून घेतलं असतंस?"

ताईने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब केला, मग खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. शेवटी चिठ्ठी चिमणीच्या पुढ्यात आपटली.

"वाच. किती वाजता बोलावलंय?"