सुलतानी वेळ

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे आणि धुळ्याच्या आमच्या गल्लीत माझं नाव फार वाईट आहे. सकाळी सात वाजता तुम्ही दप्तर भरता, तेव्हा माझ्या काट्यांवर एक वाजलेला असतो. घड्याळवाले रतिलालभाऊ दर वर्षी मला तेल द्यायला येतात आणि मान हलवतात. "जहांगीरभाऊ, मशीन झकास शे, फक्त सहा तास चुकस. काटा फिराई देऊ का?"

"हात लावू नका," आमचे म्हातारे मालक म्हणतात. "ही सुलतानी वेळ आहे."

त्याचं असं झालं. मी आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर होतो. जहांगीरभाऊंचे आजोबा व्यापारासाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. वडील सुलतानाच्या कचेरीत कारकून. तिथे तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून, म्हणून आपले सात म्हणजे तिथला एक. १९६४ साली क्रांती झाली, सुलतान गेला, आणि त्याच्याशी इमान राखणारं हे कुटुंब जीव मुठीत धरून जहाजात बसलं. बारा वर्षांच्या जहांगीरच्या मांडीवर मी होतो. धुळ्याच्या नातेवाइकांकडे आल्यावर वडिलांनी मला इथल्या सूर्याप्रमाणे जुळवून खिळ्यावर टांगलं आणि मुलाला शपथ घातली, सुलतानाची वेळ बदलायची नाही.

साठ वर्षं त्याने ती पाळली. लोक हसले, सून वैतागली, तरी पाळली. मलाही चांगलाच ताठा चढला होता. अख्ख्या खानदेशात इमानदार म्हणजे मी एकटाच, असं मला वाटे.

मागच्या रविवारी नात मिसबाह मोबाइल घेऊन आली. "दादाजी, झांजिबारचा रेडिओ लागतो बघा." गाणं संपलं आणि निवेदकाने वेळ सांगितली. भाऊंना तिकडची भाषा अजून येते. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

"काय म्हणाला तो?"

"सकाळचे दोन."

मिसबाहने मोबाइलवर झांजिबारची वेळ पाहिली. तिथे आठ वाजले होते.

मित्रांनो, माझा लंबक कसा चालू राहिला, मलाच ठाऊक नाही. ज्यांनी सुलतानाला घालवलं, त्यांची नातवंडं आजही तीच वेळ सांगत होती! ती सुलतानाची कधी नव्हतीच. मासे विकणाऱ्यांची, लवंगा खुडणाऱ्या बायांची, सगळ्या बेटाची होती. मग इतकी वर्षं मी इमान राखलं ते कुणाशी?

भाऊ खुर्चीत परत बसले. "वेळ बघायला मला अब्बांनी नाही, रहेमाने शिकवलं," ते म्हणाले. रहेमा म्हणजे त्यांना सांभाळणारी दाई. "तिची दोन्ही मुलं क्रांतीवाल्यांत होती. आम्ही निघालो तेव्हा ती बंदरावर आली, मला भेटायला. अब्बा म्हणाले, तोंड फिरव. मी फिरवलं, बेटा. त्यानंतर तिचं नावसुद्धा घेतलं नाही."

आणि एवढा म्हातारा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला.

"तिच्या घरच्यांना शोधू का?" मिसबाहने विचारलं.

"शोध. पण मी कोणत्या तोंडाने बोलू?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, त्यांना तेल द्या. पण त्या वस्तूची ओळख तुम्हाला कुणी करून दिली, हेही विसरू नका. आणि ते माणूस बंदरावर भेटायला आलं, तर कुणी काहीही सांगो, एकदा हात हलवा.